घरी बांधलेले विमान आणि त्याची तेलगाळणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा मला मोठाच प्रश्न पडला. मी विद्वान नव्हे. आपल्या ज्ञातीच्या लोहारकामाच्या परंपरेत वाढलेला आणि पोटापाण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेला मी एक कारागीर आहे. म्हणून हाताला जे ठाऊक आहे तेच आपल्यापुढे ठेवतो. स्वतः बांधलेल्या विमानाच्या इंजिनाला मी तेलाची गाळणी कशी बसविली आणि ती बसविताना कोठे चुकलो, एवढाच आजचा विषय.

घरच्या घरी विमान बांधण्याचा छंद अमेरिकेत जुना आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी मंडळींची ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. आमच्याच राज्यातील ऑशकॉश या गावी तिचा वार्षिक मेळा १९७० पासून भरू लागला. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी केलेले असावे, अशी तेथील कायद्याची अट आहे. आपल्या मुंबईतही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, आणि २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात ठेवले गेले, हे आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल.

माझ्या विमानाला कॉन्टिनेंटल कंपनीचे ओ-२०० जातीचे, १०० अश्वशक्तीचे इंजिन आहे. त्याच्या पोटात सुमारे पावणेसहा लिटर तेल मावते. मूळ रचनेत तेल गाळण्यासाठी केवळ तारेची जाळी होती. जाळी मोठा कचरा अडविते. बारीक कण मात्र तेलाबरोबर फिरत राहतात. घड्या घातलेल्या कागदाची गाळणी हे कणही पकडते. शिवाय ती कापून, कागद उलगडून आत लोहचुंबक फिरविला, तर पोलादाचा कीस चुंबकाला चिकटतो, अॅल्युमिनियमचा चिकटत नाही. त्यावरून इंजिनाचा कोणता भाग झिजतो आहे याचा सुगावा लागतो. वैद्याने नाडी पाहावी, तसाच हा प्रकार.

परंतु जेथे जाळी होती तेथे, इंजिनाच्या पाठीमागे, मॅग्नेटो आणि इंजिनाचा सांगाडा यांच्या दाटीत गाळणीला जागा नव्हती. म्हणून मी ती दूर, इंजिन आणि वैमानिक यांच्यामधील पोलादी पडद्यावर बसविली. त्या पडद्याला फायरवॉल म्हणतात. त्याचा पत्रा पातळ, म्हणून मागून आधाराची जाड पट्टी दिली. इंजिन रबरी गाद्यांवर थरथरते आणि पडदा स्थिर असतो. म्हणून दोहोंना जोडणाऱ्या दोन्ही नळ्या लवचीक घेऊन त्यांना थोडी ढील ठेवली. त्या धुराड्यापासून लांब नेल्या, त्यांवर अग्निरोधक वेष्टण चढविले, गाळणी १६ ते १८ फूट-पौंड इतकीच आवळली आणि तारेने बांधून टाकली. काम देखणे झाले होते, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

ही २०१९ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. येत्या रविवारी मी माझ्या कन्येला प्रथमच विमानातून नेणार होतो.

नव्या नळ्यांत हवा भरलेली असते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी तेल सर्वत्र खेळवावे लागते. मी वरचे चारही स्पार्क प्लग काढले आणि स्टार्टरने इंजिन फिरविले. तेलाच्या दाबाचा काटा हलला नाही. थांबून पुन्हा फिरविले, तरीही नाही. मनात आले, एकदा इंजिन सुरू केले म्हणजे दाब आपोआप येईल. सुदैवाने शेजारच्या हँगरमधील एक वृद्ध गृहस्थ तेथे आले. त्यांनी एवढेच विचारले, “हे काम तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणी तपासले आहे काय?” मी निरुत्तर झालो.

त्यांनी एका नळीवर बोट ठेवले आणि टोकापर्यंत नेले. दोन्ही नळ्या उलट जोडल्या गेल्या होत्या! पडद्यावर बैठक उलटी बसविताना मी आत आणि बाहेर यांची अदलाबदल केली होती. गाळणीत तेल कडेच्या लहान छिद्रांतून शिरते व मधल्या छिद्रातून बाहेर पडते. कडेला आतून रबरी झडप असते, ती तेलाला परत फिरू देत नाही. माझे तेल मधून शिरून कडेने निघू पाहत होते, आणि झडप आपले कर्तव्य चोख बजावीत होती.

सुरू केल्यावर तीस सेकंदांत दाब दिसला नाही तर इंजिन बंद करावे, असा नियम आहे. मी तो पाळलाही असता. पण त्या तीस सेकंदांत कोरड्या फिरलेल्या बेअरिंगांनी जे सोसले असते, ते बाहेरून दिसले नसते. नळ्या सुधारून, काटा वर आलेला पाहून, मी रविवारी मुलीला घेऊन निश्चिंतपणे उडालो असतो. या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

माझे आजोबा बैलगाडीच्या चाकाला धाव चढवीत. ती थंड होऊन आवळली की, ते गाडी लगेच हवाली करीत नसत. शेजारच्या सुताराला बोलावून एकेक आरा ठोकून पाहावयास सांगत. “आपल्या हाताची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही,” असे त्यांचे म्हणणे. लहानपणी मला तो वेळेचा अपव्यय वाटे. त्याचा अर्थ समजण्यास मला सातासमुद्रापलीकडे जावे लागले.

जी सोय आपण नव्याने जोडतो, तिच्याबरोबर नवे सांधेही येतात. पूर्वी एक जाळी होती. आता दोन नळ्या आणि त्यांचे चार सांधे झाले. म्हणून सोय नाकारू नये. परंतु प्रत्येक सांधा दुसऱ्याला दाखविल्याखेरीज त्यावर कोणाचा जीव सोपवू नये. आपल्या तरुणांनी हातकामाची लाज बाळगू नये, ही विनंती मी करणारच होतो. तिला एवढीच जोड देतो की, काम तपासून घेण्याचीही लाज बाळगू नये.

मुलीला मी त्यानंतरच्या रविवारी नेले. उड्डाणापूर्वी तिनेही बोट ठेवून दोन्ही नळ्या पाहिल्या.