अंगणवाडीतले काम



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात, कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा बालशिक्षणावर आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय आम्हांला एका अंगणवाडी सेविकेने शिकवला, आणि तोही कान धरून.

मानधनवाढीसाठी आम्ही सेविकांची सभा बोलावली होती. वेळ सकाळी अकराची. एक बाई उठून म्हणाल्या, "भाऊ, आमच्यासाठी लढता, पण अकराला आमची मुलं जेवायला बसतात हे तुम्हांला ठाऊक नाही." आम्ही ओशाळलो. कित्येक वर्षे आम्ही त्यांच्या मागण्या लिहीत होतो. त्यांचे काम मात्र कधी पाहिले नव्हते. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या अंगणवाडीत जाऊन बसलो.

तीन वर्षांची एक मुलगी दारातच रडू लागली. आई गुपचूप निघण्याच्या बेतात होती. बाईंनी तिला अडवले. "सांगून जा. फसवून गेलात तर उद्या ती दाराकडेच बघत बसेल." 'जेवण झाले की न्यायला येते' असे सांगून आई गेली. रडणे वाढले. आम्ही खिशातले बिस्किट पुढे केले. बाईंनी हातानेच नको म्हटले. त्या मुलीच्या उंचीला खाली बसल्या, "आई हवी ना?" एवढेच म्हणाल्या आणि तिला जवळ घेतले. थोड्या वेळाने तिच्या हाती ताटल्या दिल्या. "एकेका मुलापुढे एकेक ठेव." मुलगी हुंदके देत निघाली. शेवटी एक ताटली उरली. ती तिने रिकाम्या जागी ठेवली आणि तिथेच बसली.

एका मुलापुढे एक ताटली, हे गणिताचे पहिले पाऊल. आकडे गिरवणे त्यानंतरचे. चिंचोके आणि खडे वेगळे करताना बोटांना जी पकड येते, तीच पुढे पेन्सिल धरते. बाई गोष्ट मध्येच थांबवून "पुढे काय झालं असेल?" असे विचारत आणि उत्तराची वाट पाहत. ही वाट पाहणे आम्हांला सर्वांत अवघड वाटले. आम्ही पुढारी कोणाच्या उत्तरासाठी थांबतो?

ही परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचू लागली.

पण या कामाच्या मोबदल्याला नाव काय? मानधन! त्या शब्दात मान आहे आणि धनही आहे. हाती दोन्ही बेताचेच. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा 'मग मुलांचे काय?' असे लोक आम्हांला विचारू लागले. प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तो संप नसतानाही विचारावा.

आईबापांना आमची विनंती आहे. तीन वर्षांच्या मुलाला पाटीवर काय लिहिलेस, असे विचारू नका. आज काय खेळलास, असे विचारा. मुलाला सोडताना सांगून निघा. आणि सेविकांचा मोर्चा तुमच्या दारावरून जाईल तेव्हा ती ताटली आठवा.

आम्ही आता सभा दुपारी तीनला ठेवतो.