ट्रॉलीच्या पत्र्यावरील जुनी पुट्टी: वरून लिंपू नका, आधी खरवडून काढा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कापूस विकून झाला, तुरीचे कुटार भरून झाले, की आपली ट्रॅक्टर-ट्रॉली थोडी मोकळी होते. याच दिवसांत आपण ती रंगवायला काढतो. पण आज मला रंगाविषयी नव्हे, तर रंगाखालच्या पुट्टीविषयी बोलायचे आहे.

आमच्या घरच्या ट्रॉलीचीच गोष्ट सांगतो. डाल्याच्या मागच्या कोपऱ्यात, फाळक्याजवळ, पत्रा फुगला होता. गॅरेजवाल्याने वरचेवर घासून पुट्टी भरली, रंग मारला. पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड आला. पुन्हा पुट्टी. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी मी स्वतः छिन्नी घातली, तर बोटभर जाडीचा थर ढेकळासारखा हातात आला आणि खाली पत्राच नव्हता, नुसता लाल भुगा होता. तीन वर्षे आम्ही गंजाला रंग देत होतो.

असे का होते? पुट्टी म्हणजे राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी. ती खड्डा बुजवते, पण गंज थांबवत नाही. उलट रंगाला चीर पडली की ती पाणी शोषते आणि पत्र्याला चिकटवून ठेवते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून पुट्टीला ढकलतो. बाहेर दिसणारा फोड म्हणजे हाच रेटा होय.

आपल्या वऱ्हाडात यात आणखी एक भर पडते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खारे असते. त्याच पाण्याने आपण गाडी धुतो. त्यावर खताची पोती फुटून डाल्यात सांडलेला युरिया, पोटॅश. आणि आपली काळी माती मडगार्डच्या आतून चिकटली, की आठवडाभर ओल सोडत नाही. क्षार आणि ओल एकत्र आले, मग पत्र्याला दुसरा शत्रू लागत नाही.

आता पुट्टी कोठे आहे हे ओळखायचे कसे? जुन्या स्पीकरमधले चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते सैल पडते किंवा घसरते, तिथे खाली जाड पुट्टी आहे. मात्र काही ट्रॅक्टरचे बॉनेट वा इतर भाग फायबरचे असतात, तिथे ही परीक्षा चालत नाही. बोटाच्या पेराने वाजवून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, पुट्टीचा आवाज बसका येतो. जुनी ट्रॉली विकत घेताना तर हे कराच. नुकताच रंग दिलेली ट्रॉली पाहिली की मला नेहमी थोडी शंका येते.

आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. डाल्याच्या बाजूच्या पत्र्यावर पुट्टी असणे हा दिसण्याचा प्रश्न आहे. पण ट्रॉलीचा दांडा, हूक, चासी किंवा धुऱ्याजवळच्या जोडावर पुट्टी आढळली, तर तो जिवाचा प्रश्न आहे. तिथे पुट्टीखाली तडा किंवा खाल्लेले लोखंड असू शकते. भरलेली ट्रॉली रस्त्यात दांड्यापासून तुटली तर काय होईल, हे मी सांगायला नको. अशी जागा पूर्ण उघडी करून चांगल्या वेल्डरला दाखवा आणि तोवर ट्रॉली जुंपू नका.

कामाला लागण्यापूर्वी ट्रॉली गोठा, कुटाराचा ढीग व कापसाच्या गंजीपासून दूर उभी करा. ग्राइंडरच्या ठिणग्या लांब उडतात. डाल्याच्या सांदीत अडकलेला कापूसही वेचून काढा. ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरीच्या वायरी सोडा आणि डिझेलच्या टाकीजवळ ग्राइंडर वा वेल्डिंग मुळीच नको. डोळ्यांना चष्मा, नाकाला चांगला मास्क लावा. जुन्या रंगात व अस्तरात शिसे असू शकते. नुसता दुपट्टा बांधून ती धूळ थांबत नाही. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

पुट्टी काढताना सुरुवात फुगलेल्या कडेपासून करा. छिन्नी आडवी धरून हलक्या हातोडीने ठोका, सैल झालेले पापुद्रे आपोआप सुटतात. घट्ट राहिलेला भाग जाड पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून काढा. दगडी चाक लावू नका, ते पुट्टीबरोबर पातळ पत्राही खाते. काही कारागीर गॅसची ज्योत लावून पुट्टी मऊ करतात. काम लवकर होते खरे, पण धूर विषारी असतो आणि पत्रा वाकडा होतो. मी तो सल्ला देणार नाही.

कोठे थांबायचे? फोड संपला तिथे नव्हे. चकचकीत, निरोगी लोखंड दिसू लागल्यावर आणखी चार बोटे पुढे जायचे. मग पेचकसाच्या टोकाने दाबून पाहा. टोक आत गेले तर तो पत्रा मेलेला आहे. तो कापून नवा तुकडा वेल्ड करावा. जाळी, कागद, कापड कोंबून वर पुट्टी लिंपण्याची पद्धत सोडून द्या.

खड्ड्यांत राहिलेला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या रस्ट रिमूव्हरने काढा, गोड्या पाण्याने धुऊन पत्रा पूर्ण वाळवा. यानंतर पुट्टी लागलीच तर ती उघड्या, घासलेल्या पत्र्यावर द्या. साध्या रेड ऑक्साइडवर दिलेली पुट्टी नीट धरत नाही. जाडी एक सुतापेक्षा जास्त नको. खड्डा त्याहून खोल असेल तर पत्रा ठोकून आधी सरळ करून घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात हार्डनर मिसळलेली पुट्टी पाहता पाहता दगड होते, म्हणून सकाळी, सावलीत, थोडी-थोडीच कालवा.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक. पुट्टी वाळल्यावर कारागीर बादलीत पाणी घेऊन वॉटर पेपरने ती घासतो. बादलीत बोअरचे खारे पाणी असेल तर आपण क्षार पुट्टीत मुरवतो आणि वरून रंगाचे झाकण लावतो. आमच्या ट्रॉलीचे तीनदा हेच झाले असावे. पुट्टी नेहमी कोरडीच घासावी. त्यावर त्याच दिवशी अस्तर द्यावे. पुढे अस्तर घासायला पाणी लागलेच तर गोडे पाणी वापरावे. गॅरेजवाल्याला हे आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. तो थोडी कुरकुर करील, कारण कोरडी घासाई वेळखाऊ असते.

पत्र्याची आतली बाजू विसरू नका. पुष्कळदा गंज तिथूनच सुरू होतो. चिकटलेली माती खरवडा, अस्तर व रंग आतूनही द्या, आणि डाल्याच्या कोपऱ्यातील पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी करा. एवढे सारे मृगाच्या आत आटोपा. दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत लाल होतो, मग पुन्हा घासणे आले.