स्वतःबद्दल सांगा

पदवीच्या शेवटच्या वर्षात मुलाखतीचा सराव घेण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. दोन बाकं जोडून टेबल करायचं, पलीकडे तीन खुर्च्या मांडायच्या आणि त्यांत बसायला गावातले 'तज्ज्ञ' बोलवायचे. आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बँकेतले एक निवृत्त साहेब असतात, एक प्राध्यापिका असतात आणि तिसरी खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून असेल कदाचित, मला बोलावतात. मी साधा बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कंपनीतलं मला काही कळत नाही. पण समोरचा पाठ केलेलं बोलतोय की स्वतःचं, एवढं कवीला लगेच कळतं.

पहिला प्रश्न ठरलेला: स्वतःबद्दल सांगा. उत्तरही ठरलेलं. 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात, मग गाव, तालुका, वडील शेतकरी, छंद वाचन, आणि शेवटी 'मी मेहनती व प्रामाणिक आहे'. वीस मुलं आली तर वीसही मेहनती आणि प्रामाणिक. अलीकडे काय वाचलं, असं विचारलं की छंद वाचन असलेला मुलगा पायाकडे बघतो.

काही पालक विचारतात, आता मुलाखती राहिल्याच कुठे? प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून 'क' गटाच्या आणि 'ब' गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिल्याला आळा बसावा हा हेतू होता, आणि ज्याचा कोणी मामा-काका कचेरीत नाही त्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर मला तो निर्णय बरा वाटतो. पण बँकेत अधिकारी व्हायचं तर मुलाखत आहे, लोकसेवा आयोगाच्या वरच्या पदांना आहे. चाकण-वाळूजच्या कारखान्यापासून नांदेडच्या दुकानापर्यंत खासगी नोकरी तर बोलूनच मिळते. आणखी एक गोष्ट आमच्या मुलांना फारशी ठाऊक नसते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्याला केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखतही मराठीतून देता येते. हे सांगितलं की वर्गात चुळबुळ होते. कोणी वहीत लिहून घेतं.

मागच्या वर्षी वसमत तालुक्यातली एक मुलगी समोर आली. वाणिज्य शाखेची. कामाचा काही अनुभव? "नाही सर." मी विचारलं, बेटा, घरी हळद आहे का? "दोन एकर आहे." मग हळद जमिनीतून निघाल्यावर काय काय होतं ते सांग.

पोरगी क्षणभर थबकली आणि मग जी बोलायला लागली! गड्डे आणि हळकुंडं वेगळी कशी करायची, शिजवताना कच्ची राहिली तर काय होतं आणि जास्त शिजली तर काय, वाळत घातलेल्या हळदीवर रात्री दव पडू नये म्हणून ताडपत्री ओढायला कोण उठतं, ड्रममध्ये घालून पॉलिश केली की वजन किती घटतं. मग मोंढा. अडत्याची पट्टी घरी कोण बघतं? "मीच बघते सर. वजन, हमाली, तोलाई, सगळं जुळवून बघते. एकदा दोन कट्टे कमी लावले होते. मी बाबांना परत पाठवलं." बँकेतल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. हिशेब तपासला, फरक पकडला, पैसे आणले. तिच्या बायोडाटात मात्र 'अनुभव' या शब्दापुढे आडवी रेघ होती. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती शिजवणाऱ्या हातांना कोणतं मानांकन देतात, ते मला माहीत नाही.

बैठकीच्या सरावाचं तर पहिल्यांदा पार भजं झालं. दहा मुलं गोलात बसवली, विषय दिला आणि दहाही एकदम बोलू लागली. ज्याचा आवाज मोठा त्याला वाटलं आपण जिंकलो. तेव्हा मी विचारलं, कोणाकोणाची आई बचत गटात आहे? अर्ध्याहून जास्त हात वर झाले. मग त्यांतल्याच एकीने सांगितलं, गटाची बैठक कशी चालते. आधी हजेरी, मागचं इतिवृत्त वाचायचं, बचत गोळा करायची, मग कर्जाची मागणी. जिची अडचण तिने स्वतः बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शेवटी वहीत नोंद आणि सह्या. पंधरा-वीस बाया हे दर महिन्याला करतात, आणि त्यांची पदवीधर होऊ घातलेली मुलं बैठक म्हणजे काय ते पुस्तकात शोधतात.

त्याच पद्धतीने वर्गाची बैठक घेतली. विषय खराच ठेवला: शेवटचा तास अर्धा तास आधी संपवावा का, म्हणजे खेड्यातल्या मुलींना संध्याकाळची बस सापडेल. सूचक, अनुमोदक, विरोधातलं म्हणणं, ठराव, सगळं झालं. ठराव प्राचार्यांकडे गेला आणि आठवड्यातले तीन दिवस मंजूरही झाला.

आता जरा अवघड गोष्ट. कळमनुरीकडच्या एका मुलाने, माझं नाव पाहूनच असेल, विचारलं, "सर, मुसलमान असून तुमचं मराठी इतकं चांगलं कसं, असं मुलाखतीत विचारलं तर काय सांगायचं?" वर्ग हसला आणि एकदम गप्प झाला. मला हा प्रश्न कविसंमेलनांत तीस वर्षं विचारला जातोय. कौतुकानेच विचारतात, म्हणून तर रागावताही येत नाही. मॅडमचं मत पडलं की असले प्रश्न सरावात नकोत, मुलं खचतील. मला ते पटलं नाही. बाहेर कोणी विचारणारच असेल तर तो प्रश्न आधी इथे, आपल्या माणसांत ऐकलेला बरा.

मी माझं नेहमीचं उत्तर सांगितलं. घरी आम्ही दखनी बोलतो. त्या दखनीतला 'नको' मराठीचा, आणि 'मैंच' म्हणतो त्यातला 'च'ही मराठीचा. मराठी आमच्या घरात शाळेच्या दप्तरातून आलेली नाही, ती आधीपासून चुलीपाशी बसलेली आहे. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढं लांब नाही सांगणार सर. मी कळमनुरीचा आहे, एवढंच सांगेन." मला मान्य करावं लागलं, त्याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

तेवढ्यात सेनगावचा एक जण उठला. "मला मराठीबद्दल कोणी विचारत नाही सर. पुण्यात मला विचारतात, हिंगोली विदर्भात आलं का?" आता मात्र सगळे मोकळे हसले. पुढच्या शनिवारसाठी तोच विषय ठरला: एका मिनिटात हिंगोली. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा हा जिल्हा. नामदेवांची नर्सी, औंढ्याचा नागनाथ, हळद, आणि २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिलेली लायगो वेधशाळा. यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं आणि आपलं गाव त्यात कुठे बसवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं आहे. त्या दिवशी वर्गाची बैठकही आहे. इतिवृत्त लिहायचं काम कळमनुरीच्या मुलाकडे दिलं आहे.