साउथएंडचा मैलभर लांब धक्का

थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे, उत्तर काठावर साउथएंड वसलं आहे. लंडनपासून चाळीसेक मैलांवर. भरतीला पाणी गावाच्या पायाशी येतं. ओहोटी लागली की मैलभर मागे सरतं आणि मागे उरतो नुसता चिखल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनकरांना समुद्रस्नानाचं वेड लागलं होतं. वाफेच्या बोटी माणसं भरभरून किनाऱ्यांवर नेत होत्या. पण त्या साउथएंडला टाळून पलीकडच्या काठावरच्या मार्गेटला जात. चिखलात बोट लावणार कोण?

हे शल्य ज्यांना बोचलं त्यांत सर विल्यम हेगेट होते. लंडनचं महापौरपद भूषवलेले हे गृहस्थ साउथएंडचे रहिवासी. त्यांच्या खटपटीने 1829 मध्ये पार्लमेंटची परवानगी मिळाली आणि 1830 मध्ये लाकडी धक्का खुला झाला. लांबी सहाशे फूट. म्हणजे भरतीला उपयोगी, ओहोटीला पुन्हा चिखलातच! मग तो वाढवत नेण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. 1848 पर्यंत तो सुमारे सात हजार फूट झाला होता आणि युरोपात त्याच्याएवढा लांब धक्का नव्हता. विक्रमाची हौस कुणालाच नव्हती. पाणी जिथे सुरू होतं तिथवर जायचं होतं, एवढंच.

गंमत म्हणजे 1856 मध्ये रेल्वे गावात आली आणि बोटीशिवाय साउथएंडला पोहोचता येऊ लागलं. धक्क्याची निकड तिथेच कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. आगगाडीतून उतरलेली माणसं पाण्यावर चालायला मिळतं म्हणून धक्क्यावर गर्दी करू लागली. लाकूड खिळखिळं झालं तेव्हा गावाने ते मोडीत काढून लोखंडी धक्का, म्हणजे पिअर, उभारला. तो 1889 मध्ये खुला झाला. अभियंता होते जेम्स ब्रुन्लीस.

या ब्रुन्लीसांचं आधीचं काम मोठं पाहण्यासारखं आहे. साउथपोर्ट या दुसऱ्या किनारी गावातला 1860 चा पिअर त्यांचाच. तिथे वाळूत खांब ठोकत बसण्याऐवजी त्यांनी पोकळ लोखंडी खांबातून जोराने पाणी खाली सोडलं. बुडाची वाळू उसळून बाजूला होई, खांब आपल्या वजनाने खाली उतरे. पाणी बंद केलं की वाळू पुन्हा घट्ट बसे. घणाचे घाव घालणाऱ्यांना हे पोरखेळासारखं वाटलं असेल.

साउथएंडच्या नव्या पिअरवर 1890 मध्ये विजेची गाडी धावू लागली. ती बसवली क्रॉम्प्टन कंपनीने. आपल्या घरातल्या पंख्यावर जे नाव वाचतो ते हेच. कंपनीचे संस्थापक कर्नल क्रॉम्प्टन तरुणपणी लष्करी नोकरीत हिंदुस्थानात होते आणि इथे त्यांनी रस्त्यावरून ओढायच्या वाफेच्या इंजिनांचे प्रयोग केले होते.

1939 मध्ये पिअर आरमाराने ताब्यात घेतला. लोकांना मज्जाव झाला आणि नाव पडलं ‘एचएमएस ली’. जणू सबंध पिअरच एक युद्धनौका! दुसरं महायुद्ध संपेपर्यंत 3,367 ताफे, म्हणजे 84,297 जहाजं, इथल्या देखरेखीखाली सुटली. मौजमजेच्या जागेने एवढं गंभीर काम क्वचितच केलं असेल.

पुढचा इतिहास बहुतेक आगींचा आहे. 1959, 1976, 1995, 2005. पहिल्या आगीत किनाऱ्याकडचा मंडप पेटला आणि समुद्राच्या टोकाला शेकडो माणसं अडकली. त्यांना होड्यांतून सोडवावं लागलं. 1980 मध्ये पालिकेने खर्चाला कंटाळून पिअर बंद करायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी एवढा गदारोळ केला की निर्णय मागे घ्यावा लागला. दुरुस्ती होऊन मे 1986 मध्ये राजकन्या ॲनच्या हस्ते नवी गाडी सुरू झाली. जूनअखेर एक जहाज पिअरला आरपार कापून गेलं! गाडीचं कौतुक दोन महिनेही टिकलं नाही.

तरी पिअर उभा आहे, लांबी 2.16 किलोमीटर, आणि मौजेच्या पिअरांत जगात सर्वांत लांब. 1986 च्या गाड्यांपैकी एकीला हेगेटसाहेबांचं नाव होतं. टोकाशी जीवरक्षक नौकांचं ठाणं आहे, कारण ओहोटीला नौका सोडायला पाणी तिथेच मिळतं. चिखलात रुतलेल्यांना काढायला मात्र नौका चालत नाही. त्यासाठी किनाऱ्यावर हॉवरक्राफ्ट ठेवलेलं असतं.