पहाटेचा ताव



मी हुपरीची सून. कोल्हापूर जिल्ह्यातलं आमचं हे गाव चांदीच्या कामासाठी ओळखलं जातं. दुपारी गल्लीतून चाललात तर उंबऱ्याशी बसून पैंजणाच्या कड्या जुळवणाऱ्या बायका दिसतील. कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या पाठीमागं झोळी. कड्या जुळवायला मी लग्नानंतर शिकले, झाळकाम, म्हणजे विस्तवावर सांधे जोडणं, सासऱ्यांनी शिकवलं. आणि मुलगा झाल्यावर तेच काम पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

कडी जुळवताना बाळ रडलं तर पक्कड खाली ठेवून उठता येतं. झाळताना नाही. सांध्याला टाकणखाराचं पाणी लावायचं, डाकेचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा, तिळाएवढा तुकडा ठेवायचा आणि ज्योत फिरवत सगळा दागिना सारखा तापवायचा. शुद्ध चांदी सुमारे 962 अंशांना वितळते, डाक त्याच्या आधी. त्या दोन्हींच्या मधल्या जागेत आमची कारागिरी. डाक एकदम पाण्यासारखी चमकते आणि सांध्यात ओढली जाते. तेवढ्यात नजर हलली तर कडी वितळून तिचा गोळा होतो.

म्हणून विस्तवाचं काम मी पहाटे पाचला करते. बाळ आतल्या खोलीत सासूबाईंच्या कुशीत असतं. सुरुवातीला ही वेळ नाइलाजाची वाटली. पण तार ओढून, ठोकून चांदी कडक होते, आणि ती पुन्हा मऊ करायला मंद लाल होईपर्यंत ताव द्यावा लागतो. भर उजेडात तो लाल रंग दिसत नाही. दिसेपर्यंत ताव जास्त झालेला असतो. पहाटेच्या अंधारात मात्र तारेवरून पसरत जाणारी लाली अगदी स्पष्ट कळते. सासरे खिडकीला पोतं का लावायचे, ते तेव्हा समजलं. आता पोतं लागत नाही. खिडकी उघडीच ठेवते, कारण धूर बाहेर जायला हवा.

धुराबद्दल अंगावर पाजणाऱ्या आयांना कळकळीनं सांगते. काही डाकेत कॅडमियम असतं. त्याची वाफ फुप्फुसांना फार घातक. विकत घेताना कॅडमियम नसलेलीच डाक मागा. तापून काळवंडलेली चांदी साफ करायला मी तेजाबाऐवजी कोमट पाण्यात लिंबूसत्व घालते, आणि तेही भांडं फळीवर, उंच. कानस चालवली की लुगडं बदलल्याशिवाय बाळाला जवळ घेत नाही.

तरी चूक झालीच. मुलगा नुकता रांगायला लागला होता. त्याची मूठ घट्ट मिटलेली दिसली, बोटं सोडवली तर आत एक कडी. ज्वारीच्या दाण्याएवढी. तोंडात जायला कितीसा वेळ लागला असता? त्या दिवसापासून कड्या मोजून घेते आणि मोजून ठेवते. शंभर घेतल्या आणि नव्व्याण्णव जुळवल्या, तर राहिलेली एक सापडेपर्यंत बाळाला जमिनीवर सोडत नाही. या मोजण्याची, उठण्याबसण्याची मजुरी कुठंच धरली जात नाही. पैंजण काट्यावर चढतं, दर वजनाचा. हे मला सलतं आणि ते सांगायलाच मी आज आले आहे.

बारशाचे वाळे मी घरीच केले. घुंगरू लावलं नाही, ते निसटू शकतं. वाळ्याचं तोंड उघडं ठेवलं म्हणजे सांधा नको, डाक नको, आणि मनगट भरेल तसं ते फाकवता येतं. टोकं कानसून, घासून झाली की मी ती स्वतःच्या ओठावरून फिरवते. बोटाला न कळणारी खरखर ओठाला कळते. मुलगा आता चौदा महिन्यांचा आहे. परवा वाळे थोडे सैल केले आणि पुन्हा एकदा ओठावरून फिरवून मगच त्याच्या हातात घातले.