वीस मिनिटं दिवा लावू नका



अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे आभार, विरोध न करणाऱ्यांचे जरा जास्त. संयोजकांनी विषय दिलाय, 'दृष्टीच्या विद्युत्-तपासण्या : काल, आज आणि उद्या'. काल लवकर उरकतो. १८६५ मध्ये स्वीडनच्या होल्मग्रेननं बेडकाच्या डोळ्यावर प्रकाश टाकला आणि डोळ्यातली वीज हलताना पाहिली. ग्रॅनिटनं त्या लाटेचे घटक सुटे केले. १९६७ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांत ते होते. १९४५ मध्ये कार्पेनं ही लाट मोजणारी तपासणी, म्हणजे ईआरजी, रुग्णांपर्यंत आणली. १९७२ मध्ये लंडनच्या हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट रुग्णांसमोर हलवला आणि डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेली असेल तर मेंदूतली लाट, म्हणजे व्हीईपी, उशिरा उमटते, नजर परतल्यावरही उशिराच उमटते, हे दाखवलं. आज आणि उद्याबद्दल इथली तरुण मंडळी माझ्यापेक्षा जास्त वाचतात. उरलेला वेळ मला अंधारासाठी हवाय.

सकाळच्या सत्रात वाद रंगला, पडद्याचे थर दाखवणारं ओसीटी असताना ईआरजी कशाला? एका मुलाचं सांगतो. नऊ-दहा वर्षांचा, फळ्यावरचं दिसत नाही म्हणायचा. चष्म्याचा नंबर नाही, पडदा स्वच्छ, ओसीटीवर थर न् थर जागेवर. आपल्यापैकीच दोघांनी कागदावर लिहिलं होतं, 'मूल नाटक करत असावं.' त्याला मी अंधाऱ्या खोलीत बसवलं. सोबत आजी. दहा मिनिटं गप्प बसल्यावर आजी आपणहून म्हणाली, ''दुपारी ह्यो चेंडू सोडतोय आन् दिवस मावळला की झेल घेतोय, डॉक्टर.'' निदान तिथंच झालं. अंधारात पाहणाऱ्या पेशींची, रॉडची, लाट चांगली भरघोस आली. मग दिवा लावून, दहा मिनिटं उजेडात बसवून, सेकंदाला तीस वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवला, तर रेघ जवळजवळ सपाट. कोन डिस्ट्रॉफी, उजेडात पाहणाऱ्या कोन पेशींचा आजार. ओसीटी घराचा फोटो काढतं. आत चूल पेटते का, ते फोटोत दिसत नाही. माझ्यापुरता वाद संपला.

पण ती आजी बोलली कारण तिला दुसरं काही करायला नव्हतं. ओपीडीत एवढा वेळ आपण कुणाला देतो? मामाच्या मुलीशी लग्न झालंय, चुलता रात्री सायकल चालवत नसे, टीबीच्या गोळ्या वर्षभर चालू होत्या, ही सगळी माहिती मला अंधारात मिळाली. त्या टीबीवाल्या गृहस्थांच्या नसेचा उशीर आम्ही भलत्याच आजारात शोधत होतो. गोळ्यांतल्या, नसेला बाधू शकणाऱ्या इथॅम्ब्युटॉलबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

मानक सांगतं, रॉडची तपासणी किमान वीस मिनिटं अंधारात बसवून करा. मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच प्रयोगशाळा पाहिल्या. कुठे सात मिनिटं, कुठे 'पडदा ओढलाय ना, झालं'. एसीवर हिरवे आकडे चमकतायत, स्टॅबिलायझरचा दिवा लागलाय, दाराखालून उजेडाची पट्टी येतेय आणि नातेवाईक मोबाइल उघडून बसलेत. आमच्या तंत्रज्ञ बाई दर सोमवारी काळी चिकटपट्टी घेऊन खोलीभर फिरतात. त्यांना कुणी परिषदेला बोलावत नाही, हे जाता जाता सांगतो.

इलेक्ट्रोड बुबुळावर की कातडीवर, या वादात मी पडत नाही. मुलांना कातडीवरचे लावा. लाट लहान येते, म्हणून आपल्या खोलीतली, आपल्या यंत्रावरची 'नॉर्मल' स्वतः मोजून ठेवा. व्हीईपीला रुग्णाचा चष्मा काढू नका. आणि अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर ठळक लिहा, 'डोकं धुऊन या, तेल लावू नये.' खोबरेलावर पेस्ट धरत नाही. अर्धा तास घासूनही धरत नाही.

संघटनेनं काय करावं, हे बोलायची प्रथा आहे. तंत्रज्ञांसाठी एखादी कार्यशाळा व्हावी, आपल्याकडच्या माणसांची नॉर्मल मापं एकत्र करावीत. कुणी, कधी, कुठल्या पैशात, ते कार्यकारिणीनं बघावं.

एक गोष्ट राहिली. ती गेली कित्येक वर्षं सांगायची होती. एका मुलीचं लग्न ठरलं होतं. थोरल्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा, पडद्याचा आनुवंशिक आजार, म्हणून सासरच्यांनी तिची तपासणी मागितली. ओपीडी तुंबलेली. मी तिच्या डोळ्यात इनडायरेक्टचा झगझगीत प्रकाश मारून पडदा पाहिला, तशीच आत पाठवली आणि पाचव्या मिनिटाला बटण दाबलं. रॉडची लाट निम्मी. येणारच होती, एवढ्या उजेडानंतर रॉडला सावरायला अर्धा तास तरी द्यावा लागतो. मी रिपोर्टवर लिहिलं, 'रॉडचा प्रतिसाद कमी. सुरुवातीचा आजार नाकारता येत नाही.' लग्न मोडलं.

आठ महिन्यांनी वडील तिला पुन्हा घेऊन आले. या वेळी पडदा आधी पाहिला नाही. पूर्ण वीस मिनिटं तिघंही अंधारात बसलो, कुणी बोललं नाही. मग मंद तांबड्या उजेडात इलेक्ट्रोड लावले. लाट पुस्तकात छापावी अशी आली. भावाचा दोष तिच्या रक्तात आहे की नाही ते ईआरजी सांगत नाही, पण तिला आजार नव्हता. दिवा लावल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, ''मग त्या वेळी काय झालं होतं, डॉक्टर?''

यंत्रात बिघाड होता, असं मी सांगितलं. ते यंत्र अजून माझ्याकडे आहे. चालतं.