बाहुलीला वाजविणारा हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या नाचणाऱ्या बाहुल्या कशा तयार झाल्या हे मी सांगावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. जमेल तसे सांगते. त्यात आपली एक चूक झाली. तीही सांगणार आहे.

सहलीला गेलो तेव्हा आपण कुडाळजवळचे पिंगुळी गाव पाहिले. तेथील ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्यांतून रामायणातील कथा दाखवितात. श्री. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचे या कलेसाठी संग्रहालय केले; त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. परतताना गाडीतच ठरले की, आपणही बाहुल्या करावयाच्या, पण त्या आपल्या तारप्यावर नाचल्या पाहिजेत.

पहिली बाहुली राजस्थानी कठपुतळीसारखी केली. कठपुतळीला पाय नसतात. लांब घागरा गिरकी घेतो, तोच तिचा नाच. आपल्याकडे लुगडे गुडघ्यापर्यंत, आणि तारप्याचा नाच सारा पायांत. माणसे एकमेकांच्या कमरेला हात घालून, गुडघ्यांत वाकून फेर धरतात. आपली बाहुली पाहून एक आजी म्हणाल्या, "ही नाचते कुठे? ही तर झोके घेते!" खरेच होते ते.

मग पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची धडे केली आणि पावले मात्र सागाच्या तुकड्यांची, म्हणजे जड. कमरेला व गुडघ्याला सुताच्या सैल गाठी मारल्या. दोरी सोडली की पाऊल आपल्या वजनाने खाली येते व फळीवर टक्क वाजते. पाच बाहुल्या एका कामटीला ओळीने बांधल्या. साऱ्यांच्या डाव्या पायांच्या दोऱ्या एका काडीला, उजव्या पायांच्या दुसरीला. दोन काड्या आळीपाळीने उचलल्या की पाचही जणी एकदम पाऊल टाकतात. अंगावर जुन्या लुगड्यांचे तुकडे व फडकी.

बोहाड्यातील देवांच्याही बाहुल्या कराव्यात, असे कोणी सुचविले होते. पण त्या सोंगांचा मान ज्या घरांकडे आहे, त्यांचा तो आहे. आपण तिकडे हात घातला नाही.

आता चूक. हळदीकुंकवाच्या दिवशी बाहुल्या नाचवावयाच्या होत्या. रंग, दोरी, कापड, चहा, साऱ्याचा हिशेब आपण मांडला होता. तारपेवाल्या बाबांचा मांडला नाही. "गावचेच आहेत, येतील," असे धरून चाललो. ते तर द्राक्षांच्या कामाला गेले होते. एका दिवसाची मजुरी बुडवून त्यांनी का यावे?

शेवटी मोबाईलवर तारपा लावला. दुसऱ्याच फेराला एक दोरी अडकली. ती सोडवीपर्यंत वाजप पुढे निघून गेले, आणि पुन्हा पाऊल सापडेना. मुले हसली. मी पडद्यामागे रडकुंडीला आले होते.

पुढल्या वेळी बाबांना घरी जाऊन बोलावणे केले व दिवसाची मजुरी आधी हातात ठेवली. त्या दिवशीही दोरी अडकलीच. पण बाबांची नजर बाहुल्यांवर होती. तारपा न थांबविता ते त्याच चालीत घोळत राहिले आणि पाऊल उठताच पुढे निघाले. कोणाच्या ध्यानातही आले नाही.

भगिनींनो, भोपळ्याच्या त्या वाद्यात दम भरणारे आता थोडे उरले आहेत. आपण बाहुल्या जपून पेटीत ठेवू. पण वाजविणारा पोटासाठी गाव सोडून गेला, तर त्या पेटीतच राहतील. म्हणून माझी एवढीच विनंती आहे : यापुढे कार्यक्रमाच्या खर्चात पहिली ओळ वाजविणाऱ्याच्या मजुरीची असावी. कापडाची ओळ मागून लिहू.

दोन पोरे हल्ली बाबांजवळ बसून फुंकायला शिकत आहेत. त्यांचाही चहा आपल्याकडेच असू द्या.